समुद्रातले व्हायरस आपल्या मागे लागलेले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत समुद्रात सापडलेल्या हजारो नव्या व्हायरसवर लेख आला होता. आतली माहिती बरीचशी बरोबर होती, पण हेडिंग काय तर 'समुद्रातून पुढची महामारी?' आणि शेजारी कोरोनाचा तो लाल काटेरी गोळा. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मासे खायचे की बंद करायचे यावर वाद सुरू झाला, म्हणून हे पत्र. मी बारावीला बायोलॉजी शिकवायचे, त्यामुळे राहवत नाही.

मुळात हे व्हायरस नवे नाहीतच, आपल्याला दिसले आत्ता. समुद्राच्या वरच्या थरातल्या एक मिलीलिटर पाण्यात साधारण एक कोटी व्हायरस असतात. 1989 साली नॉर्वेतल्या बर्गनच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते थेट मोजले तेव्हा त्यांनी तपासलेल्या नैसर्गिक पाण्यांत काही ठिकाणी आकडा मिलीलिटरला 25 कोटींपर्यंत गेला. त्याआधी तो निदान हजार पटीने कमी धरला जायचा, कारण मोजायची पद्धतच अशी होती की लॅबमध्ये वाढवलेल्या एखाद्या बॅक्टेरियाला जो व्हायरस मारेल तेवढाच धरायचा, बाकीचे हिशेबातच नाहीत. म्हणजे पोहताना एक घोट खारं पाणी पोटात गेलं की कोट्यवधी व्हायरस गेले, आणि आपल्या कोकणात ते पिढ्यानपिढ्या जातायत.

यातले बहुतेक बॅक्टेरियाला धरणारे. शेवाळांना धरणारे त्यामानाने थोडे, पण खरी गंमत त्यांच्यात आहे आणि तुमच्या लेखात त्यांना जेमतेम एक ओळ मिळाली. इथे शेवाळ म्हणजे विहिरीच्या काठावरचं बुळबुळीत नव्हे हां, डोळ्याला न दिसणारं, पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. पृथ्वीवरचं जवळजवळ अर्धं प्रकाशसंश्लेषण हीच मंडळी करतात.

मायक्रोमोनास पुसिला नावाचं एक शेवाळ आहे, दोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) आसपासचं, जगातल्या कितीतरी समुद्रांत मिळतं. त्याला फोडणारा व्हायरस 1979 मध्येच सापडला होता पण एक नवल म्हणून तो विषय तिथेच राहिला. पुढे कॉट्रेल आणि सटल या दोघा शास्त्रज्ञांनी मेक्सिकोचं आखात, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, ब्रिटिश कोलंबिया अशा लांबलांबच्या किनाऱ्यांवर शोधलं तर सगळीकडे त्याचे व्हायरस हजर. त्यांच्या हिशेबाने या शेवाळाच्या रोज 2 ते 10 टक्के पेशी व्हायरसमुळे फुटतात. आणि डीएनए ताडून बघितला तर एकाच जातीच्या शेवाळाला मारणारे हे व्हायरस आपसात भलतेच वेगळे निघाले.

मग 1990 च्या दशकात सटल यांच्याच गटाने शेवाळाच्या व्हायरसमधला डीएनए पॉलिमरेजचा (डीएनएची नक्कल करणाऱ्या प्रथिनाचा) जीन पकडून पीसीआर करायची, म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत काढली, म्हणजे लॅबमध्ये शेवाळ वाढवा, व्हायरस वेगळा करा ही कटकटच नको, सरळ समुद्राच्या पाण्यातून किती प्रकार आहेत ते वाचायचं. तेव्हा कळलं की एकाच ठिकाणच्या पाण्यात कितीतरी वेगवेगळे गट नांदतात, आणि उलट हजारो किलोमीटर लांबच्या दोन समुद्रांत जवळजवळ सारखेच सिक्वेन्सही मिळतात. मला तर हे महामारीच्या हेडिंगपेक्षा शंभरपट भारी वाटतं!

आता साइजचं बघा. कोरोनाचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, साधारण 30 हजार अक्षरांचा. इंग्लिश खाडीत प्लिमथजवळ 1999 मध्ये एमिलियानिया हक्सलेयी या शेवाळाचा ईएचव्ही-86 हा व्हायरस मिळाला, त्याचा जीनोम 4 लाख 7 हजार अक्षरांचा आणि अंदाजे 472 जीन्स, त्यात स्फिंगोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ बनवायचे जीन्ससुद्धा, जे व्हायरसकडे असतील असं कोणाला वाटलंही नव्हतं. हे शेवाळ अंगावर चुन्याच्या चकत्या घालून फिरतं, त्याचा बहर आला की समुद्र दुधाळ निळा होतो आणि सॅटेलाइटमधून दिसतो, आणि तो बहर बऱ्याचदा हाच व्हायरस संपवतो. शेवाळही काही कमी नाही, त्याचं गुणसूत्रांचा एकच संच असलेलं रूप या व्हायरसला दाद देत नाही.

दुसऱ्या टोकाला जपान. तिथे हेटेरोकॅप्सा नावाच्या शेवाळाची लाल लाट येते, म्हणजे त्याच्या बहराने पाणीच लालसर होतं, आणि कालवं, शिंपले मरतात. त्याचा व्हायरस अगदी पिटुकला, आरएनएचा, सव्वाचार-साडेचार हजार अक्षरांचा. त्याचे दोन प्रकार आहेत आणि एक प्रकार ज्या वाणाला धरतो त्याला दुसरा शिवतही नाही, जात तीच असली तरी! नागासाकी नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने यावर बरंच काम केलंय, हा व्हायरस असलेला तळाचा गाळ वापरून लाल लाट आटोक्यात आणता येते का हेही तिथे तपासून झालंय.

आता सांगा, जो व्हायरस शेजारच्या वाणाच्या शेवाळात शिरू शकत नाही तो बांगड्याच्या तुकड्यातून माणसात कुठून शिरणार? 2022 मध्ये तारा या समुद्र-संशोधनाच्या जहाजाने गोळा केलेल्या नमुन्यांतून साडेपाच हजार नवे आरएनए व्हायरस जाहीर झाले, तेच बहुधा तुमच्या लेखामागे असावेत, त्यांचेही यजमान, म्हणजे ते ज्यांना धरतात ते जीव, मुख्यतः शेवाळ, बुरशी आणि इतर एकपेशीय जीव असावेत असाच शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा माझी साधी मागणी आहे, व्हायरसची बातमी छापताना तो कोणाला धरतो हे पहिल्या परिच्छेदात लिहा आणि तो काटेरी गोळा जरा बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे थंडीत आपल्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात त्याचे फोटो तुम्ही दरवर्षी छापता. ती नॉक्टिल्युका, पाण्यात तरंगणारा एक चमकणारा एकपेशीय जीव, उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात तिचा मोठा बहर येतो आणि ती स्वतः बाकीच्या बारक्या शेवाळांना खाते. हे बहर येतात कसे यावर बरंच छापून येतं, ते संपतात कसे, त्यात व्हायरसचा वाटा किती, हे कोणीच विचारत नाही. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, एखाद्या वार्ताहराला तिथे पाठवा, दोन दिवसांचं काम आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी