कियावा बेटावरून बाबांना

चार्ल्सटन, साउथ कॅरोलिना
दि. १४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारले होते, "जिथे गोल्फ खेळायला चाललीस ते जंगल आहे की बगिचा?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, पण पेंचच्या जंगलात उभी हयात घालवलेल्या माणसाला असे उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कियावा हे बेट चार्ल्सटनपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. समोर अटलांटिक, १६ किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा आणि पाठीमागे भरती-ओहोटीबरोबर भरणारी व रिती होणारी खारी दलदल. ओक वृक्षांवरून राखाडी जटा लोंबताना दिसतात. मला ते बांडगूळ वाटले होते, पण ही अननसाच्या कुळातली वनस्पती आहे आणि ती झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगते.

आम्ही खेळलो ते मैदान म्हणजे ओशन कोर्स. गोल्फ मैदानांचे रचनाकार पीट डाय यांनी ते १९९१ च्या रायडर कपसाठी, म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्यातील गोल्फ सामन्यांसाठी, बांधले आणि काम चालू असतानाच, १९८९ च्या सप्टेंबरात, ह्युगो चक्रीवादळ येऊन धडकले. खेळाडूला समुद्र दिसावा म्हणून मैदानाची पातळी उंच करावी, ही सूचना त्यांच्या पत्नी ॲलिस यांची. समुद्र दिसू लागला खरा, पण त्याबरोबर वाराही मोकाट सुटला. तेव्हा या वाळूच्या टेकड्या कितीही रानटी दिसल्या तरी त्यांतल्या पुष्कळशा बुलडोझरने घडवलेल्या आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर 'बगिचा' असेच आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना बंगल्यांची हिरवळ भिजताना पाहून तुम्ही चिडता, म्हणून मी गवताचीही चौकशी केली. ते पास्पालम जातीचे, किनाऱ्यावर वाढणारे आणि खारेपणा सोसणारे आहे.

होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा आणि तिथवरची खेळाची वाट. अशा १८ पैकी १० होल थेट समुद्राच्या कडेने जातात. आम्ही कॅडीला, म्हणजे सामान वाहणाऱ्या व सल्ला देणाऱ्या मदतनिसाला, बरोबर घेऊन संपूर्ण फेरी चालतच केली. पहिल्या दोन तासांतच मला कळून चुकले की येथे चेंडू मारण्यापेक्षा वाऱ्याचा अंदाज घेणे अवघड आहे. आठ नंबरच्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवरून फुटाळा तलावापर्यंत जाईल अशा तोऱ्यात मी मारलेला चेंडू वाऱ्याने अडवून निम्म्या वाटेत खाली टाकला. माझी धावसंख्या, म्हणजे फटक्यांची संख्या, ११२ झाली. (मैदानाची फी किती होती ते आईने विचारल्यास तुम्ही विषय बदलावा.) याच मैदानावर २०२१ मध्ये अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेल्सन यांनी ५० व्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि मेजर, म्हणजे गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारे ते सर्वांत वयस्क खेळाडू ठरले. हे तुमच्या गुडघेदुखीला उद्देशून लिहिले आहे.

आता उरलेले निम्मे उत्तर. एका तळ्याच्या काठाजवळ माझा चेंडू गवतात थांबला आणि त्याच्यापलीकडे पाच-सहा पावलांवर एक अ‍ॅलिगेटर ऊन खात पडला होता. आपल्याकडच्या मगरीचा हा भाऊबंदच, फक्त तोंड अधिक रुंद व गोलसर. डोळे अर्धवट मिटलेले, अंगावर चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. मी क्लब हातात धरून तशीच उभी राहिले. कॅडीने शांतपणे सांगितले की चेंडू तिथेच राहू द्यावा. गोल्फच्या नियमावलीत धोकादायक प्राण्यांसाठी स्वतंत्र कलम आहे, त्यात विषारी साप, मधमाश्या, अस्वल आणि अ‍ॅलिगेटर यांची नावे घेतली आहेत, आणि अशा वेळी खेळाडूने होलच्या अधिक जवळ न जाता सुरक्षित जागी दुसरा चेंडू टाकायचा असतो, त्याला दंडाचा फटका पडत नाही. प्राण्याला हुसकावून लावण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. १९६७ मध्ये हा प्राणी संकटग्रस्त जाहीर झाला होता. संरक्षणामुळे संख्या इतकी सावरली की १९८७ मध्ये त्याचे नाव त्या यादीतून निघाले. त्याला खाऊ घालणे या राज्यात गुन्हा आहे. माणूस म्हणजे अन्न अशी एकदा सवय लागली की शेवटी त्या प्राण्यालाच मारावे लागते, हे तुम्ही पर्यटकांना माकडांच्या बाबतीत किती वेळा सांगितले असेल!

तुम्हाला सर्वांत आवडेल तो येथला बॉबकॅट, म्हणजे आखूड शेपटीचे रानमांजर. हरणांची पाडसे मारून तो त्यांची संख्या आटोक्यात ठेवतो. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून अभ्यासक त्याच्या वाटा नोंदवतात. मध्यंतरी हे प्राणी मरू लागले, तेव्हा घरोघरी वापरले जाणारे उंदरांचे विष पोटात गेल्याचे आढळले. विष खाल्लेला उंदीर बॉबकॅट खातो, एवढा साधा हिशेब. मग ते विष वापरू नका, असे रहिवाशांना आवाहन करण्यात आले. आपल्या पेंचमधून जाणाऱ्या मनसर ते खवासा रस्त्यावर वाघांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उचलून घेतला, तेव्हा तुम्ही मोटार थांबवून आम्हाला ते पूल दाखवले होते. त्याची फार आठवण झाली.

प्रत्यक्ष बॉबकॅट मला दिसला नाही. मात्र शेवटून तिसऱ्या होलवर माझा चेंडू वाळूत गेला आणि त्याच्या शेजारी ओल्या वाळूत चार बोटांचा एक स्वच्छ ठसा उमटलेला होता. नखांची खूण नव्हती, म्हणून कुत्रा नसावा. तुम्ही काडेपेटी ठेवून मोजमाप घ्यायला शिकवले होते. माझ्याजवळ चेंडूच होता, तो शेजारी ठेवून फोटो काढला. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर असतो आणि ठसा त्याहून किंचित मोठा आहे. मागचे खेळाडू खोळंबले होते, तरी कॅडीने घाई केली नाही. फोटो दादाच्या फोनवर पाठवला आहे. पंजा पुढचा की मागचा, डावा की उजवा, ते पाहून कळवावे.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली का? आईस साष्टांग नमस्कार, चिंटूस आशीर्वाद.

तुमची,
नंदा