ट्रॅव्हल्सने पोतं पाठवतोय, आधी हे वाच

प्रिय बेटा,

तू पाठवलेला बिलाचा फोटो पाहिला. ऑरगॅनिक किनोआ, बदामाचं दूध, चिया सीड्स, अन् ते टोफूचं पाकीट. महिन्याचा किराणा एका पिशवीत संपला म्हणते, संपणारच ना. तू दूध-तूप सोडलं त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, आईला वाईट वाटलं कारण खिचडीवर तूप नाही म्हणजे तिच्या लेखी पोरगी उपाशीच, पण तिला मी सांभाळून घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑरगॅनिकचा जास्तीचा पैसा कुठे घालायचा अन् कुठे नाही हे शेतकऱ्याच्या पोरीला तरी कळलं पाहिजे.

आता आपली दादर ज्वारी घे. काळ्या जमिनीत रब्बीला नुसत्या ओलाव्यावर येते, पाणी नाही, खत थोडं, फवारा मारायची वेळ क्वचितच. त्या ज्वारीवर हिरवं लेबल चिकटवून कोणी तिप्पट भाव मागतो तर तू कशाला द्यायचा? वांग्याचं मात्र वेगळं आहे. शेंडा अन् फळ पोखरणारी अळी अशी लागते की लोक पुन्हा पुन्हा फवारतात, औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की फवारल्यावर इतके दिवस तोडायचं नाही, पण बाजाराचा दिवस आला की तोडा होतोच, तो काही कोणासाठी थांबत नाही. मिरची, फ्लॉवर, कोबीचं पण तेच. वरवरचं औषध धुतल्याने बरंचसं जातं म्हणून नळाखाली नीट चोळून धू, पण जे आंतरप्रवाही असतं ते झाडाच्या आतच जातं, ते धुऊन निघत नाही. म्हणून जास्तीचे पैसे द्यायचेच तर या भाज्यांना दे, धान्याला नको. केळीला आम्ही पण खत भरपूर देतो, पण साल काढून खायचं फळ आहे, साधीच घे.

अन् घेताना पाकिटावर काय छापलंय ते बघ. नुसतं नॅचरल, फार्म फ्रेश याला काही अर्थ नाही, जैविक भारतचा सरकारी लोगो आहे का ते बघ. पीजीएस-इंडिया या सरकारी योजनेचं ऑरगॅनिकचं प्रमाणपत्र असलेले छोटे शेतकरी पण असतात, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांचं शेत तपासतात, त्यामुळे खर्च कमी अन् माल पण थोडा स्वस्त मिळू शकतो. त्यात पीजीएस ग्रीन लिहिलेलं असेल तर समजायचं की जमीन अजून बदलाच्या काळात आहे, पूर्ण झाली की ऑरगॅनिक लिहितात. शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरत असेल तर सरळ त्यालाच विचार, कधी फवारलं, काय फवारलं. खरा माणूस लगेच सांगतो, खोटा असेल तो नुसता भाव सांगायला लागतो.

प्रोटीनची तुला फार काळजी, जिममधल्या पोरांनी भरवलेली दिसते. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, हिशोब वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅमचा आहे, म्हणजे तुझ्या 55 किलोला 45-46 ग्रॅम झालं. दिवसभरात 200 ग्रॅम ज्वारीच्या भाकरी, 70-80 ग्रॅम डाळ, मूठभर शेंगदाणे अन् थोडी मोड आलेली मटकी, आलं की जवळपास. एखाद्या दिवशी सोयाबीन वडी टाक, 100 ग्रॅम कोरड्या वडीत 50 च्या वर प्रोटीन असतं अन् टोफूपेक्षा किती स्वस्त पडते बघ. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तर त्यासाठीच भारी आहे, ज्वारीत जे कमी ते उडदात, उडदात जे कमी ते ज्वारीत. फुनके, आपले वाटल्या डाळीचे मुटके, पण कुकरमध्ये वाफवता येतात, कढी तुला चालणार नाही तर वरून कच्चं तेल अन् कांदा घे, मला तर तसेच जास्त आवडतात. शेवभाजी पण प्लँट बेस्डच आहे म्हणून रोज दाबायची नाही हं, त्या तर्रीचं तेल कुठे जातं ते माझ्या पोटाकडे बघून कळेल.

बदामाचं दूध बंद कर. त्या डब्यात बदाम किती अन् पाणी किती ते मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाच एकदा. चहा कोराच पी, पण जेवणावर लगेच नको, अन्नातलं लोह नीट लागू होत नाही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळत जा. चिया सीड्सच्या जागी जवसाची चटणी, कॅल्शियमला नाचणी अन् तीळ.

एका गोष्टीत मात्र पैसे वाचवायचे नाहीत. बी12 झाडापाल्यातून भरवशाने मिळत नाही, कोणी काही सांगो. दूध पण सोडलं म्हणजे गोळी लागणारच, एकदा रक्त तपासून डॉक्टरला विचार अन् ते जे सांगतील ते चालू कर. पाय मुंग्यायला लागायची वाट बघू नको.

शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पोतं टाकतो, सकाळी जाऊन घेशील, ड्रायव्हरचा नंबर पाठवतो. दादर, सालीसकट उडीद, तूर, शेंगदाणे अन् जवस. बाजरी थोडीच देतोय, तिचं पीठ लवकर कडू होतं म्हणून आठवड्यापुरतंच दळ. घाण्याचं शेंगदाणा तेल पाहिजे का नको ते गुरुवारच्या आत कळव, घाणेवाला शुक्रवारी बंद असतो. मागच्या वेळचे स्टीलचे दोन डबे त्याच गाडीने परत पाठव, आई रोज विचारते.

तुझे पप्पा