ज्वारीचे बाळ

नागपूर,
दि. १५ सप्टेंबर २०२४

प्रिय अनुजा हिस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोळ्याच्या आधीच मिळाले होते. उत्तराला इतका उशीर का झाला, ते ऐकून तू हसशील. त्या दिवसांत माझ्या पदरी एक तान्हे बाळ होते. वजन दोन किलो आठशे ग्रॅम, अंगात आईच्या जुन्या साडीचे दुपटे आणि आत निव्वळ ज्वारी.

तुला ठाऊकच आहे की अकरावीला मी बालविकास हा विषय घेतला. त्यात मॅडमनी यंदा तीन आठवड्यांचा प्रकल्प ठेवला. पहिले दोन आठवडे गर्भारपणाचे आणि तिसरा आठवडा बाळाचा. परदेशातल्या शाळांत याकरिता संगणकाची चिप बसवलेली बाहुली देतात, जी वेळी-अवेळी रडते आणि तिची मान नीट सावरली नाही तर तेही नोंदवून ठेवते. आमच्या कॉलेजला ती परवडण्यासारखी नव्हती, म्हणून पोट जुन्या चादरीचे शिवले आणि बाळ ज्वारीचे केले. रडण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर होती. मॅडमचा 'रडले' असा संदेश आला की दहा मिनिटांत बाळाला कुशीत घेतल्याचा फोटो पाठवायचा. नवजात बाळाला दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पाजावे लागते, त्यामुळे संदेशही तितकेच, आणि त्यांतले तीन-चार हमखास मध्यरात्रीनंतरचे.

पोटाविषयी आधी सांगते. चादरीच्या कप्प्यांत वाळूच्या पिशव्या घालायच्या, सुरुवात दोन किलोंनी, आणि दर दोन दिवसांनी एक किलो वाढवत चौदाव्या दिवसापर्यंत आठ किलो. खऱ्या गर्भारपणात साधारण दहा ते बारा किलो वजन वाढते, पण ते नऊ महिन्यांत सावकाश वाढते आणि शरीर त्याला सरावत जाते. आमचे मात्र दोन आठवड्यांत उरकायचे होते. पहिल्या आठवड्यात मला गंमत वाटली. दहाव्या दिवशी कळले की सँडलचा पट्टा लावायला मला भिंतीशी बसून पाय बाजूने वर घ्यावा लागतो, की जिन्याची पुढची पायरी दिसत नाही, आणि की रात्री कूस बदलायची तर आधी पोट हातांनी उचलून पलीकडे ठेवावे लागते आणि मग आपण वळायचे. शिवाय प्रत्येकीला चिठ्ठी काढून एक अडचण दिली होती. माझ्या चिठ्ठीत हिमोग्लोबिन ९ निघाले, जे गर्भवतीचे किमान ११ असायला हवे. म्हणून लोहाच्या गोळीऐवजी रोज एक शेंगदाण्याचा लाडू ठरल्या वेळी खायचा आणि तो १८० दिवस खात आहोत असे समजून वहीत खुणा करायच्या, असा नियम होता. चहाने लोह अंगी लागत नाही, म्हणून लाडवाच्या आगेमागे चहा बंद. तुला माझे आणि चहाचे नाते ठाऊक आहे. वाळूपेक्षा मला तेच जड गेले.

परंतु सगळ्यांत जड गेली ती बस. सक्करदऱ्याहून सीताबर्डीला येताना एका बाईंनी मला पाहताच स्वतःची जागा दिली आणि मायेने विचारले, "कितवा वं बाई?" मी दमलेली होते, लक्ष नव्हते, आणि सवयीने उत्तर दिले, "अकरावी." त्यांची नजर आधी पोटावर गेली, तिथून गळ्याकडे, तिथून ओळखपत्राकडे. मी "काकू, हा कॉलेजचा प्रकल्प आहे" असे म्हणेपर्यंत त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले होते, आणि सीताबर्डी येईपर्यंत ते परत वळले नाही. आमच्या वर्गात दोन मुलगेही आहेत. तेही पोट बांधून बसनेच येत, परंतु त्यांच्यासोबत लोक सेल्फी काढत. खोटे कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी मी पोट सोडून पिशवीत घातले आणि कॉलेजच्या फाटकापाशी पुन्हा बांधले. तिथे आणखी चार मुली तेच करत होत्या.

बाळ शनिवारी, ३१ ऑगस्टला हाती आले आणि सोमवारी पोळा. मंगळवारी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे नागपुरात त्या दिवशी घरात कोण बसतो! गल्लीतली लहान पोट्टी लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला दारोदार फिरत होती आणि दादा मला काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक दाखवायला इतवारीकडे घेऊन गेला. त्या गर्दीत, ढोलताशांत आणि 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात फोन थरथरला. दादाने उदारपणे बाळ धरले आणि मी फोटो काढून पाठवला. हे सारे पाच मिनिटांचे काम. परंतु शेजारच्या काकूंनी ते पाहिले आणि घरी येऊन आईला सांगितले की तुमचा मुलगा किती गुणाचा, त्याच्या बायकोचे नशीब थोर. तीन रात्री जागलेली मी तिथेच उभी होते. माझ्या नशिबाचा विषय निघाला नाही.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगते. बुधवारी पहाटे पावणेतीनला संदेश आला तेव्हा मी दचकून उठले, तर बाळ माझ्या शेजारी नव्हते. आजीच्या खोलीत दिवा होता. तिने ज्वारीचे ते गाठोडे गोधडीत घेतले होते आणि डोळे मिटूनच ती त्याला थोपटत होती. दुपट्याच्या कोपऱ्यावर, जिथे गाल असता तिथे, काजळाची तीट लावलेली होती. मी म्हटले, "आजी, ज्वारीला कुठे दृष्ट लागते?" ती म्हणाली, "ज्वारीलेच तं लागते. उभ्या पिकाले लागते, तं हिले काऊन नाई लागणार? जा, नीज तू."

मी निजले. अनुजा, त्या आठवड्यातली ती एकच पुरती झोप. आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या हाती बाळ देण्याचे दोन गुण कापले जातात. मी वहीत खरे लिहिले. सात दिवसांत आजी, आई, दादा मिळून ११ वेळा बाळ दुसऱ्याच्या हाती गेले, म्हणून २२ गुण गेले आणि ५० पैकी २८ मिळाले.

गुणांसाठी मी भांडले नाही, पण त्या नियमासाठी भांडले. आपल्याकडे बाळंतीण एकटी कधी असते? शेकशेगडी कोणी करते, अळिवाचे लाडू कोणी करते, न्हाऊ घालायला कोणी येते, बाळ या हातातून त्या हातात जाते, आणि यालाच तर घर म्हणायचे. प्रकल्पात मात्र हाच दोष ठरला. मॅडम समजूतदार आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले की हेतू एवढाच की मुलींना लहान वयातल्या मातृत्वाचा भार कळावा. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पुढे त्यांनीच प्रामाणिकपणे हेही सांगितले की ऑस्ट्रेलियात पर्थकडच्या ५७ शाळांत असाच प्रयोग तपासला गेला आणि २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध झाले ते उलटेच निघाले. बाहुली घेतलेल्या मुलींपैकी ८ टक्के मुली वीस वर्षांच्या होईपर्यंत आई झाल्या, आणि न घेतलेल्यांपैकी ४ टक्के.

तिथल्या मुलींचे मला माहीत नाही, परंतु इथले मला दिसते. आपल्या दहावीच्या वर्गातली, मागच्या बाकावर बसणारी ती आठवते ना, जिचे उन्हाळ्यात लग्न लागले? तिला बाळ म्हणजे काय हे शिकवायला ज्वारी लागणार नव्हती. तिने दोन भाऊ कडेवर वाढवले होते आणि गणिताच्या तासालाही ती धाकट्याच्या तापाच्या विचारात असे. तिच्या लग्नाची तारीख तिने काढली नाही. म्हणून मी मॅडमना म्हटले की निर्णय ज्यांच्या हातात असतो, पोट त्यांना बांधा. पुढच्या वर्षी पालकसभेत एकेका वडिलांना आठ किलो वाळू द्या आणि संध्याकाळपर्यंत सोडू नका. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पालकसभेला वडील येतात कुठे?"

घरी येऊन हे बाबांना सांगितले, तर ते पेपर बाजूला ठेवून उठले आणि म्हणाले, "आण इकडे." पोट बांधून ते गच्चीवर गेले, कुलरवर ताडपत्री घातली, दोन खेपा केल्या, आणि तिसऱ्या खेपेला जिन्यातच बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे घेऊन झोपतात कसे?" आई आत कणीक मळत होती. ती म्हणाली, "डाव्या कुशीवर." त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही, आणि रात्री ताटे बाबांनी उचलली. दुसऱ्या दिवशी नाही उचलली, हेही सांगायला हवे.

वाळू मी परत अंगणातल्या ढिगावर टाकली. ज्वारीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आई म्हणते, दळून आणू, आठवडाभराच्या भाकरी होतील. आजी त्याला तयार नाही. गाठोडे तिच्या खोलीत खुंटीला टांगलेले आहे, तीट तशीच आहे, आणि कालच आईने मुकाट्याने दुकानातून दुसरी ज्वारी आणली.

पुण्याला तुझे कसे चालले आहे ते सविस्तर कळव. काका-काकूंना माझा नमस्कार सांग. दिवाळीला येशील तेव्हा माझ्याकडेच उतर.

तुझीच,
मृणाल