असईच्या हत्तीबद्दल, काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानू लागलो की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे उघड पत्र.

ग्लासगोत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी सीफोर्थ हायलँडर्स या जुन्या स्कॉटिश पलटणीचा हरणाच्या डोक्याचा टोपीबिल्ला ऑनलाइन घेतला आणि ऐटीत तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो आधी पालथा केलात. "ओतीव आहे," एवढंच म्हणालात आणि तुमच्याकडचा जुना, अस्सल बिल्ला त्याच्या शेजारी ठेवलात. पातळ पत्रा ठशाने दाबलेला, म्हणून पाठीमागे तेच डोकं खोलगट उमटलेलं, शिंगांमधल्या फटी स्वच्छ कापलेल्या. माझ्या नकलीची पाठ सपाट, बारीक भोकं पडलेली, शिंगं वापरलेल्या साबणासारखी बोथट. राग आला होता, तोही तुमचाच. पैसे गेले ते गेलेच.

बिल्ल्यांवरचे मुकुट वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. कमानी वर फुगलेल्या असतील तर साधारण १९०१ ते १९५२, राजांचा काळ. मध्ये दबलेल्या असतील तर राणीचा. व्हिक्टोरिया की एलिझाबेथ, ते इतर खुणांवरून. (माझी यात अजूनही गफलत होते.)

पण खरं ऋण हायलँड लाइट इन्फन्ट्री या दुसऱ्या स्कॉटिश पलटणीच्या बिल्ल्याचं. तारा, त्यावर रणशिंग, त्याखाली पट्टी आणि अगदी तळाशी नखाएवढा हत्ती. पट्टीवरची अक्षरं तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत: असई. माझं आजोळ तिथलंच, भोकरदन तालुक्यातलं, काका! २३ सप्टेंबर १८०३ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांची ७४वी पलटण असई गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांनी तिची चाळण केली. लढाई मात्र इंग्रज सेनापती वेलस्लीने जिंकली. १८८१ साली ७१वी आणि ही ७४वी एकत्र करून ही रेजिमेंट झाली, आणि आमच्या शिवारातला पराभव ग्लासगोच्या पोरांनी टोपीवर मिरवला. अभिमान वाटावा की वाईट, मला ठरवता येईना. तुम्ही काहीच न बोलता बिल्ला माझ्या हातात दिलात आणि पैसे घेतले नाहीत.

रोजच्या पॉलिशने त्या हत्तीचं कपाळ पार गुळगुळीत झालंय. कोणा शिपायाचा अंगठा इतकी वर्षं त्यावरून फिरला असेल, असं रात्री टेबलावर बघताना सारखं मनात येतं. आईला फोटो पाठवला, तर म्हणाली, "हत्ती जरा बारीकच आहे."

तुमचं भिंग अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी घेऊन येतो. चहा मी करीन.

तुमचा,
आजोळ-असईवाला