आई, असोग्याचं पाणी रंगवताना

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, असोग्याजवळची मलप्रभा नदी तैलरंगात रंगवायची ठरवलीस, फार आनंद झाला. पण थंडीतच घे. पावसाळ्यात पाणी तांबूस, गढूळ असतं. त्यात प्रतिबिंब फिकं पडतं आणि झाडांच्या सावल्याच उठून दिसतात. थंडीत ते निवळतं, आणि सकाळी वाराही पडलेला असतो.

१२ × १६ इंचांचा तयार कॅनव्हास पुरे. ट्यूब पाचच: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्ल्यू, लेमन यलो, यलो ओकर, बर्न्ट सिएना. काळा घेऊच नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून झाडीतला अंधार छान साधतो.

पलीकडच्या काठाची पाण्यालगतची रेघ पट्टी धरून आडवी मार. ती कलली तर पाणी सांडल्यासारखं दिसतं, आणि वरची झाडं कितीही सुरेख जमली तरी ते झाकत नाही. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा, त्यात तेल नको. पुढच्या थरांत जवसाचं तेल हळूहळू वाढव. तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिलास तर वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि चित्र तडकतं.

खरा कस प्रतिबिंबाचा. ती काठाची उलटी नक्कल नसते. आपला डोळा पाण्याच्या पातळीच्या जितका वर असतो, तितकाच तिच्याखाली खोल नेला तर जे दिसेल, ते पाण्यात दिसतं. म्हणून काठावरच्या कौलारू घराची कौलं पाण्यात कमी दिसतील आणि वळचणीची खालची बाजू जास्त. डावीकडे कललेला बांबू पाण्यातही डावीकडेच कलतो. आपल्याकडे झुकलेल्याचं प्रतिबिंब त्याच्याहून लांब पडतं.

छटेकडे, म्हणजे उजळ-गडदपणाकडे, रंगापेक्षा जास्त लक्ष दे. उजळ भिंत पाण्यात थोडी गडद होते, गडद झाडी थोडी उजळते. काठासाठी केलेलं मिश्रणच वापर: झाडीच्या रंगात किंचित आभाळाचा रंग, भिंतीच्या रंगात किंचित बर्न्ट सिएना, आणि लगेच खाली लाव. आपल्या पायाशी मात्र आभाळ कमी आणि तळ जास्त दिसतो, तिथे ओकर आणि सिएना येऊ दे.

रंग ओला असतानाच कोरडा, मऊ, चपटा ब्रश वरून सरळ खाली ओढ. दर ओढीला फडक्याला पूस, नाहीतर सगळ्याचा चिखल होतो. मग दोन-चार हलके आडवे हात, आणि तिथेच थांब. लाटांच्या उजळ रेघा लांबच्या पाण्यात बारीक आणि जवळ जवळ असू देत.

बाबा, फडकी तुमच्याकडे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, तेव्हा उष्णता निघते. बोळा करून डब्यात टाकलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवा. टर्पेंटाइनची बाटली शेगडीपासून लांब ठेवा, खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात.

आई, काम झालं की चित्र आरशात बघ. काठ कलला असेल किंवा प्रतिबिंब बाजूला सरकलं असेल तर लगेच कळतं. वार्निशची घाई नको, निदान सहा महिने जाऊ देत. तोवर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.

तुमची लेक