खिद्रापूरला जाऊ, पण उजेडात

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर बोलले असते तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने "जेवलीस का" विचारून विषय संपवला असता. म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, मधेच उठून अंगणात जायचं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला काकांची जी मिनीबस खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जाणार आहे, तिच्यातून तुम्हा दोघांची नावं मी काढली आहेत. त्यांच्याशी बोलणं झालंय. ते अजिबात रागावले नाहीत, उलट "बरं केलंस" म्हणाले, आणि तुमच्या दोन जागा त्यांच्या व्याह्यांना देऊनही टाकल्या. त्यामुळे आता त्यांना परत फोन करण्यात अर्थ नाही. खिद्रापूर रद्द केलेलं नाही, हे आधी डोक्यात घ्या. आपण जाणार आहोत. फक्त मध्यरात्री नाही. मार्गशीर्षात, मधल्या वारी, सकाळच्या उन्हात, आपल्या गाडीने.

बाबा, तुमचं काय म्हणणं आहे ते मला पाठ आहे. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र देवळाच्या पुढच्या मंडपाच्या, स्वर्गमंडपाच्या, छतातल्या गोल मोकळ्या जागेवर येतो आणि खालची गोल दगडी फरशी, रंगशिळा, उजळते. ते का होतं, हेही तुम्हीच वहीत आकृती काढून शिकवलंत: त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला गेलेला असतो, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोर म्हणजे उत्तरेला, आणि खिद्रापूरच्या अक्षांशावर तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. बांधणाऱ्यांनी हे मुद्दाम साधलं असेल की नसेल यावर तुमचं आणि दादाचं भांडण अजून मिटलेलं नाही, त्यात मी पडत नाही. पण डोक्यावरचा चंद्र बघायला मान मागे टाकावी लागते, आणि डॉक्टरांनी तुम्हाला नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलंय. पंख्याची जळमटं बघतानासुद्धा नाही. तिथे तर खाली दगड, अनवाणी पाय, आजूबाजूला शेकडो माणसं मोबाईल वर धरून उभी, आणि रात्रीचे बारा. सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळात काय झालं ते मी परत काढत नाही. काढत नाहीच.

आणि खरं सांगू का, रात्री तिथे कोरीवकाम दिसत नाही. दिवे लावतात, फार सुंदर दिसतात, मी नाही म्हणत नाही. पण त्या उजेडात बाराव्या शतकातल्या शिलाहार राजांच्या कारागिरांनी काळ्या दगडात केलेलं काम सपाट होतं. दगडावरचं काम बघायचं तर तिरपं ऊन हवं. देऊळ पूर्वाभिमुख आहे, स्वर्गमंडप सगळ्यात पुढे, म्हणजे सकाळी नऊ-साडेनऊला ऊन खांबांमधून आडवं आत शिरतं आणि प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही पेपरातली बारीक अक्षरंही वाचताय, मग ते नवे डोळे अंधारात का वाया घालवायचे?

आणखी एक, खास तुमच्यासाठी. मार्गशीर्षात दुपारीही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणजे छतातल्या त्या सुमारे १३ फुटी वर्तुळातून येणारा कवडसा मधोमध न पडता उत्तरेच्या खांबांकडे सरकलेला असणार. किती सरकतो ते मोजायला टेप आणा हवी तर. मी दुसरं टोक धरीन, लहानपणी धरायची तशी, आणि या वेळी सोडणार नाही.

मान वर न करता छत कसं बघायचं, तेही ठरवलंय. आईच्या पर्समधला आरसा तळहातावर आडवा धरायचा आणि खाली बघायचं. मी करून पाहिलं, छान दिसतं. १२ खांबांच्या वर्तुळाच्या वर, कडेने कार्तिकेय आहे, इंद्र, यम, कुबेर असे दिशांचे राखणदार, दिक्पाल आहेत, आपापल्या वाहनांसकट. एकेक आरशात घ्यायचा, सावकाश. आता तुम्ही म्हणणार, मग आरशात चंद्रही दिसला असता. दिसला असता. पण त्या गर्दीत कोणी धक्का दिला तर आरसाही गेला आणि तुम्हीही. जाऊ दे ना बाबा, चंद्र आपण गच्चीतून बघू. मीही येईन त्या रात्री. रजा टाकलीये.

तसंही मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की एकदम तिघं दिसतात ते तुम्हाला आवडेल: सभामंडपाच्या दाराच्या डावीकडे ब्रह्मा, उजवीकडे विष्णू, आणि सरळ समोर, आत खोल, कोपेश्वर. त्यासाठी मान कुठेच वळवावी लागत नाही.

आई, आता तुझं. तू "मला काय, कुठेही न्या" म्हणशील, पण मला माहीत आहे तुला देवळापेक्षा त्या गोष्टीत रस आहे. शंकराने सतीला माहेरी दक्षाकडे पाठवलं ते नंदीला बरोबर देऊन, म्हणून इथे शंकरासमोर नंदी नाही, आणि तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. तू सांगायचीस तेव्हा शेवटी हमखास म्हणायचीस, "बघा, देवानेसुद्धा बायकोला एकटं सोडलं नाही, बैल दिला सोबतीला. आमच्याकडे फक्त स्टँडपर्यंत रिक्षा." बाबा तेव्हा पेपर वर धरायचे. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक रागावलेल्या कोपेश्वराचं आणि दुसरं त्याची समजूत घालणाऱ्या विष्णूचं, धोपेश्वराचं. आपल्या घरात कोपेश्वर कोण आणि धोपेश्वर कोण हे सांगायला नको, पण सध्या दोन्ही भूमिका मलाच कराव्या लागताहेत. यडूर मात्र त्याच दिवशी नाही. मला माहीत आहे, जवळ आहे. तरी नाही. एका दिवशी एक देऊळ.

वाडीला जाऊच. तुझा बोललेला नवस राहून गेलाय ते मी विसरलेले नाही. आदल्या दिवशी दुपारी नरसोबावाडी, पादुकांचं दर्शन, घाट उतरायचा तो माझा दंड धरून. बासुंदी दोघांत मिळून एक वाटी. बाबांची साखर तपासल्यावर. पेढे बांधून घ्यायला हरकत नाही, पण ते माझ्या पिशवीत राहतील.

मुक्कामाची खोली तळमजल्यावर घेतली आहे, कमोडची, आणि न्हाणीघरात धरायला दांडी आहे. मी फोन करून दोनदा विचारून घेतलं, दुसऱ्यांदा तो माणूस जरा वैतागला. बाबांची जाड उशी आपण घरून नेऊ. आईची रात्रीची पाण्याची बाटली आणि बॅटरी उशाशी. सकाळी चहा सहाला मिळेल असं तो म्हणाला, पण मी थर्मास आणतेच आहे. घडीची दोन स्टुलं गाडीत असतील, त्यामुळे जोत्यावर बसा-उठायचं कारण नाही. बाहेरून प्रदक्षिणा घालताना तळाशी हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ त्यांच्याच पाठीवर उभं. कितीएकांच्या सोंडा तुटल्यात, तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. दक्षिणेच्या दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर यादव राजा दुसऱ्या सिंघणाचा संस्कृत लेख आहे, देवनागरी अक्षरांत. बाकीचे लेख कानडीत. तिथे बाबा थांबणार आणि बोटाने हवेत अक्षरं लावत बसणार, म्हणून एक स्टूल तिथेच ठेवणार आहे. उन्हाची टोपी घाला. ती निळी छत्री नको, दुसरी.

मी लहान असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या बायका दाखवायचात ना, आणि विचारायचात, "ही काय करतेय?" एक आरशात बघत असायची, एक पायातला काटा काढत असायची. आत अंधारात मी घाबरायचे तेव्हा आई पदराचं टोक हातात द्यायची, आणि ते मी गाडीत बसेपर्यंत सोडायची नाही. खिद्रापूरचा सभामंडप असाच अंधारा आहे, उंबरे उंच आहेत. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, कोणी पुढे जायचं नाही. आई, पदराचं टोक देशील तर मी अजून धरीन.

बाबा, तुम्हाला जमत नाही म्हणून मी हे केलेलं नाही. तुम्ही अजून सगळ्यांच्या पुढे चालता, म्हणूनच केलंय. मागून तुमच्याकडे बघत चालण्याची मला सवय नाही, भीती वाटते. दादाला कळवलंय, त्याचंही हेच मत आहे. (त्याने "बाबांना आधी विचार" म्हटलं होतं, पण ते सोडा.) २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर बसून "हत्ती बुडाले असतील" म्हणत होतात. तेव्हापासून न्यायचं मनात आहे, आणि नुसतं गर्दीतून धावत-पळत दर्शन करून आणायचं नाहीये. अर्धा दिवस तुमचा. घड्याळाकडे मी बघणार नाही.

आता कामाचं. निघायच्या आधीच्या आठवड्यात रक्तदाब रोज सकाळी मोजून वहीत लिहायचा, अंदाजाने नाही. चकरेच्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायच्या नाहीत. आई, तू गुडघ्याचा पट्टा गाडीत चढायच्या आधी बांध, उतरल्यावर नाही. फरशी थंड असते, दोघांनाही रबरी ठिपक्यांचे मोजे मी आणते आहे, ते "म्हातारे लोक घालतात" असलं काही ऐकून घेणार नाही. फाईल, चष्म्याची दुसरी जोडी आणि तो आरसा, तिन्ही आईच्या पर्समध्ये. टेप बाबांच्या खिशात.

चिनूची शाळा आहे, तरी तो येणार म्हणून हटून बसलाय. न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तेवढं एक तुमच्यावर सोडते.

तुमची,
ताई

ता. क. पत्र पोचल्यावर बाबांनी स्वतः फोन करायचा आहे. रागावायला केलात तरी चालेल. रात्री नऊनंतर करा, तेव्हा मी मोकळी असते.