गंगावन

प्रिय सुमे,

आठ महिने झाले गं, फोन नाही की साधा मेसेज नाही. तू दिवाळीला फराळाचा फोटो टाकलास, मी बदाम टाकला आणि निवांत लिहू म्हणून ठेवून दिलं ते राहूनच गेलं. रागावली असशील तर खुशाल रागव, पण हे आधी पूर्ण वाच, कारण परवा शनिवारी जे झालं ते नवऱ्याला, तुंदेला सांगितलं तर त्याला अर्धंच कळलं, आईला सांगायची सोय नाही, आणि ज्या बाईला अर्ध्या वाक्यात कळेल ती मिरजेत बसलीय. तब्येती सगळ्यांच्या ठीक. माझा गुडघा आहे तसाच.

तर शनिवारी लेकीला, ताराला घेऊन इथे लंडनमध्येच पेकहॅमला गेले होते, गंगावन घ्यायला, वेणीत गुंफायचे जादा केस. हो, गंगावनच. इथे ब्रेडिंग हेअर म्हणतात, पण मी पहिल्यांदा ते हातात घेतलं ना तेव्हा आजीच्या ट्रंकेतलं, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं गंगावनच डोळ्यासमोर आलं, ते आपण चोरून काढून शेपटी लावून माकडं झालो होतो ते. (मार मी खाल्ला आणि शेपटी तुझ्या कमरेला होती, हे मी अजून विसरलेले नाही.) तिथे राय लेनला केसांच्या सामानाची दुकानंच दुकानं, भिंतभर पाकिटं छतापर्यंत. आमचं नेहमीचं नायलॉनसारखं, स्वस्तातलं. पण काउंटरच्या मागे महागाची, खऱ्या केसांची. ताराने तिकडे बोट केलं आणि म्हणाली, आई मला ते घे, ते तुझ्यासारखे आहेत, सरळ.

पाकिटावर लिहिलेलं, शंभर टक्के इंडियन रेमी. रेमी म्हणजे सगळे केस एकाच दिशेने लावलेले, मुळं एकीकडे टोकं एकीकडे, म्हणजे गुंता होत नाही. आणि असे केस मिळतात कुठून, तर जिथे ते डोक्यावरून एकदम उतरवतात तिथून. दुकानदार कौतुकाने म्हणाला, टेम्पल हेअर आहे, बेस्ट. सुमे, काळेभोर, उजेडात जरा तपकिरी झाक आणि टोकाला हलकीशी लाट. मी तिथेच उभी राहिले.

तुझे नव्हेत ते, मला कळतं. वीस वर्षं झाली त्याला. पण मला तिरुपतीची हरिप्रिया एक्सप्रेस आठवली, तुझ्या बाबांचं ऑपरेशन आठवलं, आणि सोमवारी सकाळी हॉस्टेलच्या गेटातून डोक्याला स्कार्फ बांधून आलेली तू. गुडघ्यापर्यंतचे केस. दर रविवारी शिकेकाई मी लावायची, मोरी तुंबायची आणि शिव्या आपण दोघी खायचो. आणि तू तिथल्या कल्याणकट्ट्यावर, मुंडणाच्या जागी बसून दहा मिनिटांत देऊन आलीस, मला न विचारता, असं मी म्हटलं होतं! जसे काय माझेच होते. तू म्हणालीस, अगं केस आहेत, उगवतील, बाबा कुठून उगवणार होते. त्यावर मी एक महिना अबोला धरला.

तारा विचारत होती, हे कुणाचे केस आहेत? मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीने देवाला दिले होते असेच. तर म्हणते, मग देवाने दुकानात का दिले? सांगितलं तिला, की देवळात रोज हजारो लोक केस देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, व्यापारी घेतात, धुऊन विंचरून लांबीप्रमाणे लावतात आणि जगभर जातात, तुझ्यासारखे केस असलेल्या बायकाही घेतात. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, सुमामावशीला माहितीये का? तुला माहिती होतं का गं? आपण कधी बोललोच नाही यावर.

पण मला लिहायचंय ते हे नाहीच. लिहायचंय ते असं, की तिला सरळ केस का हवेसे वाटले हे मला माहितीये आणि त्यात माझा हात आहे.

झालं काय, तीन आठवड्यांपूर्वी आईचा व्हिडिओ कॉल आला. मे महिन्यात काकांच्या छोट्याचं लग्न आहे, आम्ही महिनाभर सांगलीला येतोय, तर साड्या दागिने सगळं चाललेलं. तारा मागे नुकतीच न्हाऊन केस मोकळे सोडून बसलेली, मस्त गोल, मागून ऊन येत होतं. आणि आई म्हणाली, अगं लग्नाला तरी तिचे पिंजारलेले केस जरा सरळ करून आण, फोटोत कसं दिसेल, वहिनीचं पार्लर आहेच, ती करून देईल दोन तासात. मी काय म्हणावं? मी म्हटलं, बघू. एवढंच. फोन ठेवल्यावर तारा म्हणाली, आई, पिंजारलेले म्हणजे काय?

सुमे, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मीच तिच्याशी मराठी बोलते, मीच शिकवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की नसतं कळलं तर बरं झालं असतं. कापूस पिंजतात तसं, असं काहीतरी सांगितलं. कापूस म्हटल्यावर ती हसली. पण रात्री झोपताना दोन्ही हातांनी डोकं चेपून बघत होती, केस खाली बसतात का.

मग मी तीन आठवडे मराठीत शब्द शोधतेय. पिंजारलेले, झिपऱ्या, जटा, अवतार, भुतासारखे. कुरळे म्हणतात, पण कुरळे म्हणजे आपल्या बाई होत्या ना भूगोलाच्या, तसले, कपाळावर बटा. हे केस वेगळे आहेत. एकेक केस मुळापासूनच स्प्रिंगसारखा वळतो. डोक्यातलं तेल आपल्या केसांवरून आपोआप खाली उतरतं, तिचं पहिल्या दुसऱ्या वळणालाच अडकतं, म्हणून टोकं कायम कोरडी आणि जिथे जिथे वळण तिथे तिथे तुटायची भीती. सगळ्यात राकट दिसणारे केस सगळ्यात नाजूक आहेत हे मला कळायला तीन वर्षं लागली. तोवर मी काय करायचे, तर घरात बघितलं तेच, खोबरेल चोपडायचं आणि कोरड्या केसांत फणी घालायची. ती रडायची, मी म्हणायचे जरा सहन कर बाळा. फणीत केसांचे बारीक बारीक तुकडे यायचे. मुळासकट गळलेला केस नाही, तुकडे. मीच तोडत होते.

मग तुंदेची आई, ममा, नायजेरियातून, इबादानहून आली. तिने माझ्या हातातली फणी काढून घेतली, बोलली काही नाही, एक वाडगं पाणी मागितलं. सोफ्यावर बसली, ताराला खाली जमिनीवर दोन गुडघ्यांच्या मध्ये, डोकं एका मांडीवर कलतं. अगं, सेम! आजी पडवीत पायरीवर बसून आपल्या दोघींना घ्यायची तस्सं. तारा तर पंधरा मिनिटांत झोपली. जी पोरगी फणी बघून पलंगाखाली जायची ती झोपली.

आता रविवार म्हणजे केसांचा दिवस, तीन तास जातात, एक सिनेमा लावून देते. आधी पाण्याने पूर्ण ओले, मग डोक्याचे चार भाग करून तीन बांधून ठेवायचे, एकच सोडायचा. त्याला भरपूर कंडिशनर, इतका की बोट सटकलं पाहिजे. गुंता आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, तेही टोकापासून सुरू करून हळूहळू वर. मुळापासून ओढलंस तर संपलंच, सगळा गुंता खाली जाऊन गाठ बसते. धुऊन झालं की पुन्हा तेच भाग, पाण्याचा हात, त्यावर क्रीम, त्यावर तेल. तेल शेवटी. मी जन्मभर समजत होते तेलाने केस ओले राहतात, ओलावा पाण्याचाच, तेल फक्त तो उडू देत नाही. ममा शिया बटर आणते तिकडून, पिवळट, धुराचा वास येतो त्याला, तळहातावर चोळलं की वितळतं. मग प्रत्येक भागाची दोन पेडांची पिळाची वेणी. दुसऱ्या दिवशी सोडलं की असे सुंदर उलगडतात ना. रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती उशी रात्रभर ओलावा शोषते आणि घासते.

आणि लांबी! सगळ्यांना वाटतं तिचे केस वाढतच नाहीत. तिलाही वाटायचं. एकदा ममाने काळ्या दोऱ्याने बटा गुंडाळल्या, मुळापासून टोकापर्यंत घट्ट वेटोळे, योरुबात, त्यांच्या भाषेत, इरुन किको म्हणतात, इस्त्री नाही मशीन नाही नुसता दोरा. दुसऱ्या दिवशी सोडलं तर केस खांद्याच्या खाली! ताराने शाळेची पट्टी आणली. ताणून अकरा इंच, सोडला की साडेतीन. म्हणाली, बाकीचे साडेसात इंच झोपलेत. आता पाहुण्यांना केस ताणून दाखवते आणि सोडताना टुइंग म्हणते.

हे सगळं असताना मी आईला "बघू" म्हणाले.

वहिनी मनाने चांगली आहे, तुला माहितीये, पण ती लावणार ते क्रीम काय असेल मला सांग. इथे केस सरळ करायची क्रीमं, रिलॅक्सर, मिळतात त्यातल्या कितीतरींत कॉस्टिक सोडा असतो, केसाच्या आतली बांधणीच तोडतो, डोकं भाजतं. माझी नणंद आठ वर्षांची असल्यापासून लावत होती. अमेरिकेत २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला, ३३ हजारांवर बायका, तर वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकल्स वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण कधीच न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. नेमकं कारण सिद्ध झालंय असं ते म्हणत नाहीत, पण नणंदेने वाचलं आणि त्याच आठवड्यात सगळे सरळ केस कापून टाकले, बोटभर ठेवले. तिच्या कानशिलांवर रुपयाएवढ्या दोन जागी केसच नाहीत आता, ते मात्र वर्षानुवर्षं करकचून घातलेल्या वेण्यांनी. म्हणून वेण्यासुद्धा मी ताणू देत नाही, वेणीवालीला आधीच सांगते, कपाळ दुखलं तर सोडायची.

आई म्हणते आपल्याकडे असे केस कुणाचे नसतात. सुमे, सातवीची सहल आठव. जंजिऱ्याला होडीतून जाताना तू ओकलीस ती. तो किल्ला कुणाचा होता? सिद्दींचा, आफ्रिकेतून आलेली माणसं, १९४८ पर्यंत तिथे राज्य होतं त्यांचं. बाईंनी सगळं सांगितलं आणि आपण फक्त तोफेवर बसून फोटो काढला.

आता तुला खरं सांगते, जे वीस वर्षांत सांगितलं नाही. तू मुंडण करून आलीस तेव्हा मी आठवडाभर तुझ्याबरोबर मेसला आले नाही. तुला वाटलं राग. राग होताच, पण लोक तुझ्या डोक्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, त्याची मला लाज वाटायची. तू एकटी जायचीस, स्कार्फ दुसऱ्याच दिवशी काढून टाकलास, आईची मोठी कुडी घातलीस कानात आणि ताट घेऊन मधल्या टेबलावर बसायचीस. मी खिडकीतून बघायचे. त्या दिवशी फोनवर "बघू" म्हणाले ना, तेव्हा तसंच झालं, मी परत खिडकीतच उभी राहिले. फरक एवढाच की तू वीस वर्षांची होतीस आणि ही सातची आहे.

म्हणून काल आईला फोन केला. म्हटलं, केस सरळ होणार नाहीत, आणि पिंजारलेले हा शब्द माझ्या पोरीसमोर नको. आई गप्प. मग म्हणाली, मी वाईट अर्थाने नाही गं म्हटलं. मग रडली, मग मी रडले. मग तिने विचारलं, पण गजरा कशात माळायचा? आणि मला इतकं बरं वाटलं! ममा म्हणते शुकू घालू. म्हणजे डोक्याच्या कडेने बारीक बारीक वेण्या वर चढवत टाळूवर आणायच्या आणि तिथे उंच बांधायच्या, शुकू म्हणजे टोपलीच. तुंदेकडे ओजेइकेरे नावाच्या नायजेरियन फोटोग्राफरचं पुस्तक आहे, त्याने १९६८ पासून बायकांच्या केशरचनांचेच सुमारे हजार फोटो काढले, बरेचसे मागून, देवळाच्या कळसासारखे दिसतात. त्यातले चार आईला पाठवले. एकावर तिचं उत्तर आलं, हा तर खोपाच की. गजरा टोपलीभोवती बसेल असं ठरलंय. अजून ती पूर्ण मानलीय असं नाही, वहिनीचा फोन आला की परत सुरू होईल मला माहितीये.

पाकीट घेतलं नाही. ताराने स्वतःच नको म्हटलं, कारण काय तर सुमामावशीला परत हवे असतील तर. आमचं नायलॉनचं घेतलं, त्यात जांभळं.

तुझं काय चाललंय? सोहमची दहावी ना यंदा, पेपर कसे गेले? सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का एकदाचं? बदलीचं काय ठरलं? सगळं लिही.

आणि दोन कामं. एक, लग्नाला तू चार दिवस आधी ये आणि आमच्याकडेच राहा, सोहमला घेऊन ये हवं तर. मांडवात बायका विचारल्याशिवाय तिच्या डोक्यात हात घालतील, मागच्या वेळी मिरज स्टेशनवर घातलाच होता, तेव्हा तू शेजारी हवीस. तुला सुरेख जमेल ते. आणि तिला तिरुपतीचं तूच सांग, मी सांगितलं तर माझ्या बाजूने सांगेन.

दुसरं, तुझ्या त्या शिंपिणीकडून उशांचे चार अभ्रे शिवून घे. अस्तराचं सॅटिन, सुती अजिबात नको, मापं नेहमीचीच. एक जांभळा, तिचा. आणि आईकडे बोअरचंच पाणी येतं का अजून, की नदीचं सुरू झालं? बोअरचं असेल तर केसांसाठी वेगळं भरून ठेवायला सांगते.

तुझी,
मने